कलावतीबाईंचा जबाब

नरहरी गिऱ्हेपुंजे यांनी बारा वर्षांत भिलाईजवळच्या रसमड्यातल्या, लोखंडी ओतकामाच्या ढलाई कारखान्यातल्या सव्वातीनशे कामगारांचे विम्याचे फॉर्म भरले होते, आणि त्यातला एकही चूक दाखवून परत आला नव्हता. कारखान्यात ते टाइम ऑफिसचे बाबू. कोण किती वाजता आला आणि कोण किती वाजता सटकला हे रजिस्टरात मांडायचं, एवढ्यासाठीच मालक त्यांना पगार देत असे. पण लोक त्यांना ओळखत ते फॉर्मसाठी. पगारातून विम्याचे पैसे कापले जातात हे प्रत्येकाला ठाऊक असे. त्या पैशांत आपल्यालाच नाही, तर बायकोला, पोरांना आणि घरी खोकत बसलेल्या म्हाताऱ्यालाही दवाखाना मिळतो, हे मात्र नरहरीबाबूंनी सांगावं लागे. "माय जिवंत हाये ना तुही? मंग लिहीत कावून नाही बे?" असं दरडावून त्यांनी कितीतरी आया 'आश्रित कुटुंबीय' या रकान्यात स्वतःच्या हातानं चढवल्या होत्या.

स्वतःची आई तेवढी राहिली होती.

त्याला कारण होतं. नरहरी नोकरीला लागले तेव्हा त्यांची आई कलावतीबाई भिलाईच्या सुपेला वस्तीत खानावळ चालवत होत्या. नवरा गेल्यावर भंडारा जिल्ह्यातलं गाव सोडून, दोन लेकरं घेऊन त्या भिलाईला आल्या आणि पोलादाच्या प्लांटमधल्या बावीस सड्या पोरांना दोन्ही वेळ जेवू घालून त्यांनी नरहरीला मॅट्रिक केलं. नरहरींचा पहिला पगार आईच्या कमाईपेक्षा कमी होता. अशा बाईला 'आश्रित' लिहायला त्यांचा हात धजला नाही, आणि तिला ते कळलं असतं तर त्या दिवशी तेविसाव्या माणसाला, म्हणजे त्यांनाच, जेवण मिळालं नसतं. म्हणून त्यांनी रकान्यात एक सुबक आडवी रेघ ओढली. पुढे लग्न झालं, रेघेखाली मनकर्णेचं नाव आलं, मग पोराचं आलं. खानावळ बंद होऊन सात वर्षं झाली. आईचं नाव काही आलं नाही.

आणि आता त्या रेघेनं त्यांचा गळा धरला होता.

कलावतीबाईंचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. गेला तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. दिवाळीला पणत्या लावताना कळलं. यंदा डाव्याचं दुखणं सुरू झालं. विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नरहरीबाबूंच्या ओळखीखातर तपासलं आणि त्या गंभीर झाल्या. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढलेला. रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन होईल, सगळा खर्च विम्यातून होईल, महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिथले डॉक्टर वेळ द्यायला तयार आहेत. "लेकिन नरहरीबाबू, माताजी का नाम तो आपके कार्ड में है ही नहीं," त्या म्हणाल्या. "सोमवार के बाद की मैं कोई गारंटी नहीं लेती."

पंधरा दिवस हातात होते. नरहरीबाबूंनी त्याच दिवशी आपला सर्वोत्तम अक्षरातला अर्ज विमा कार्यालयाच्या खिडकीत दिला. तिथला बाबू म्हणाला, जाँच होईल, घरी माणूस चौकशीला येईल. होऊ दे म्हणाले. बारा वर्षांच्या अनुभवानं त्यांना पक्कं माहीत होतं की जाँच म्हणजे आधी चिठ्ठी येते, मग आठ दिवसांनी माणूस येतो. कारखान्यात तसंच होई. त्यामुळे घरी त्यांनी ब्र काढला नाही. सांगायचं म्हणजे आईला सांगावं लागलं असतं की, माय, कागदावर मी तुला आश्रित केलं आहे. त्यापेक्षा कारखान्याची भट्टी पेटती असताना आत उतरणं सोपं होतं.

आता इथे शेजारच्या भय्याजींची ओळख करून देणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ त्यांनी निव्वळ सद्भावनेतून घातला. भय्याजी प्लांटमधून नुकतेच निवृत्त झालेले, स्वतःचं घर असलेले, आणि दिवसभर दुसऱ्याचं भलं करायला मोकळे. नरहरीबाबूंची धाकटी बहीण विजया हिच्यासाठी त्यांनी राजनांदगावचं एक स्थळ शोधलं होतं.

"मुलाकडचा मानूस आधी घर पाहाले येईन," त्यांनी बजावून ठेवलं होतं. "पन तो मी मुलाकडचा म्हनून सांगनार नाही. कोनी सांगत नाही. मीटर पाहाले आलो म्हनन, पत्ता चुकलो म्हनन. माह्या लग्नात माहा मामा सासऱ्याच्या घरी घोंगड्या इकनारा बनून गेलता. दोन घोंगड्या खरंच इकल्या गेल्या, तवा उठला."

ही आपल्याकडची जुनी रीत आहे, हे नरहरीबाबूंनाही माहीत होतं. तेव्हा घर तयार ठेवण्यात आलं. भय्याजींचा सोफा आला. पलीकडच्या शेवंताबाईंचा टीव्ही आला. अँटेना मात्र त्यांनी दिला नाही, त्यामुळे टीव्हीवर भरतकामाचा रुमाल घालून तो नुसता मांडून ठेवला. मनकर्णेनं सोफ्याखालची जागा झाडता येत नाही म्हणून तक्रार केली. कलावतीबाई मात्र खूश होत्या. उरलेला एक डोळा बारीक करून, हातानं चाचपल्यासारखं करत त्या सोफ्याभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "लय चांगला रंग हाये." सोफा कळकट तपकिरी होता. पण म्हातारीचं मन राखावं म्हणून कुणी काही बोललं नाही.

शनिवारी संध्याकाळी नरहरीबाबू ड्यूटीवरून आले तेव्हा भय्याजी गल्लीच्या तोंडाशीच उभे होते. त्यांनी सायकलचं हँडल धरलं.

"आले! तासभर झाला. आल्यापासून काही खरं सांगत नाही, मोठा पक्का मानूस हाये. तू काही इचारू नोको. फक्त हो ला हो म्हन, आनि वाढवून सांग."

"पन कोन म्हनते तो स्वताले?"

"काय वाट्टेल ते म्हनते! तू चाल अंदर."

आत सोफ्यावर चाळिशीचा एक सफारीवाला गृहस्थ बसला होता. मांडीवर खाकी फाइल, फाइलवर पोह्यांची बशी. समोर खुर्चीवर हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन कलावतीबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर खानावळीच्या भरभराटीच्या काळातलं तेज आलं होतं. गृहस्थांनी आपलं नाव कापगते सांगितलं. आपल्या भंडाऱ्याकडचंच आडनाव ऐकून नरहरीबाबूंची उरलीसुरली शंकाही गेली.

"आईंचा खर्च कोण पाहतं?" कापगत्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी बहुधा आधीही विचारला असावा.

"माहा खर्च?" कलावतीबाई हसल्या. "माहा खर्च कोन पाहीन जी! मीच साऱ्याईचा पाहाते. हा पोरगा पगार आनून माह्या हातात देते. मी देईन तेवढ्यात घर चालते."

"स्वतःचं काही उत्पन्न? शेतीवाडी?"

"हाये न. साकोलीपाशी दोन एकर. धानाची. बांधीत पानी उभं राह्यते, पाहाले या एकडाव."

ती दोन एकर विजयाच्या टायफॉइडच्या वर्षीच विकली गेली होती. पण त्या शेतीविषयी कलावतीबाई आजवर एकदाही भूतकाळात बोलल्या नव्हत्या. नरहरीबाबूंनी भय्याजींकडे पाहिलं. भय्याजींनी डोळे मोठे केले. नरहरीबाबू म्हणाले, "हो. धान चांगलं होते."

"आणि तुमचा पगार?"

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. विम्याची ही योजना ठरावीक पगारापर्यंतच्याच माणसांसाठी असते, आणि ती मर्यादा नरहरीबाबूंनी सव्वातीनशे माणसांना तोंडपाठ करून दिली होती. पण बहिणीच्या लग्नाच्या गोष्टी चाललेल्या घरात माणूस आधी भाऊ असतो, मग बाबू.

"अडीच हजार," ते म्हणाले. "वरून बोनस."

"आता तीन होऊन राहिले," दारातून भय्याजी म्हणाले.

कापगत्यांचं पेन थांबलं. त्यांनी एकदा टीव्हीवरच्या रुमालाकडे पाहिलं, बशी बाजूला ठेवली आणि फाइल उघडली. आतल्या कागदावरचं अक्षर नरहरीबाबूंनी दारापासूनच ओळखलं. त्या अक्षराचा त्यांना अभिमान होता.

"कलावती गिऱ्हेपुंजे," कापगते वाचू लागले. "नातं आई. अर्जदारावर पूर्णतः आश्रित. स्वतःचं उत्पन्न काही नाही. जमीन नाही. हा अर्ज तुमचाच ना?"

मग कलावतीबाईंनी विचारलं, "कोन आश्रित?"

"मी आल्या आल्या सांगितलं होतं, मी विमा कार्यालयातून आलो," कापगते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तीनदा सांगितलं. हे तुमचे शेजारी प्रत्येक वेळी हसून माझ्या बशीत पोहे वाढत होते."

भय्याजी तोवर घराबाहेर पडलेले होते.

कापगते वाईट माणूस नव्हते, आणि तीच अडचण होती. वाईट माणसाशी काहीतरी बोलता येतं. ते म्हणाले की जे ऐकलं ते लिहायला मी बांधलेला आहे, आणि जे ऐकलं त्यावरून आईचं नाव तर चढत नाहीच, तुमचं स्वतःचंही राहत नाही. नरहरीबाबूंनी हात जोडले. ऑपरेशनचा सोमवार सांगितला. कापगत्यांनी कलावतीबाईंकडे जरा वेळ पाहिलं आणि फाइल बांधली. "रिपोर्ट गुरुवारी देईन. त्या दिवशी अकरा वाजता आईंना घेऊन या. पगाराचा दाखला आणा, जमिनीचा कागद आणा. आणि आईंचा जबाब त्यांनी स्वतः द्यायचा. त्यांनीच कबूल केलं नाही, तर मी काय करू?" निघताना ते मनकर्णेला पोहे चांगले झाले होते असं म्हणाले.

त्या रात्री कलावतीबाई जेवल्या नाहीत. नरहरीबाबूंना समजावताही येईना आणि गप्पही बसवेना.

"माय, तो नुसता रकाना हाये कागदाचा."

"बावीस लोकाईले मी जेवू घातलं. त्याईच्यातला एक फोरमन झाला. मी आश्रित?"

"तुहा डोया जाईन, माय."

"मले सारं दिसते," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

पुढचे चार दिवस नरहरीबाबू नुसते धावत होते. रविवारी गाडी धरून साकोलीला गेले. सोमवारी तलाठी भेटला आणि त्यानं त्यांना शांतपणे समजावलं की जमीन असल्याचा कागद निघतो, नसल्याचा निघत नाही. "नसलेल्या जमिनीचा गट नंबर सांगा, मी पाहतो," असं तो म्हणाला. शेवटी विकलेल्या दोन एकरांचा सातबारा मिळाला, त्यावर घेणाऱ्या केवलरामचं नाव होतं. ही जमीन केवलरामची आहे एवढं त्यातून नक्की सिद्ध होत होतं. केवलरामनं त्यांना घरी नेऊन जेवू घातलं, कलावतीबाईंसाठी पायलीभर नवे तांदूळ दिले आणि सांगितलं की तुमच्या आईचा अजून निरोप येतो, बांध नीट ठेव म्हणून.

मंगळवारी पगाराचा दाखला. तो टाइप करणारे कारखान्यात एकटे नरहरीबाबूच. तेव्हा स्वतःच्या हातानं त्यांनी टाइप केलं की श्री. गिऱ्हेपुंजे यांचे वेतन मर्यादेच्या आत असून ते अडीच हजार नाही. मालकानं वाचून सही केली आणि आपल्या पेनानं खाली एक ओळ जोडली: 'और निकट भविष्य में होने की संभावना भी नहीं है.' ती ओळ काही मागितलेली नव्हती. नरहरीबाबूंनी ती ओळ आत जाईल अशी दाखल्याची घडी घातली.

इकडे भय्याजींना पश्चात्ताप झाला होता, आणि भय्याजींचा पश्चात्ताप त्यांच्या सद्भावनेहून महाग पडे. कापगते बुधवारी पुन्हा अचानक येऊन घर पाहतील, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं. त्यांनी सोफा नेला, टीव्ही नेला, आणि बेतात कमतरता राहू नये म्हणून नरहरीबाबूंची स्वतःची पलंग-पेटी आणि पितळी हंडासुद्धा शेवंताबाईंकडे नेऊन टाकला. बुधवारी दुपारी एक माणूस दारात आला आणि पाण्याचं मीटर कुठे आहे म्हणून विचारू लागला. भय्याजींनी त्याला रिकाम्या खोलीत चटईवर बसवलं.

"पाहा साहेब, काही नाही घरात," ते डोळे पुसत म्हणाले. "दोन वेळचं जेवन होत नाही. बहीन घरात बसली हाये, तिचं कुठून करनार? म्हातारी अर्ध्याहून जास्त आंधळी. सारा भार ह्या एकट्यावर."

माणसानं सगळं मान हलवत ऐकलं, पाणी प्यालं, आणि मीटर न बघताच निघून गेला. सुपेल्यात त्या गल्लीत पाण्याला मीटरच नव्हतं, हे पहिल्यांदा मनकर्णेच्या ध्यानात आलं. राजनांदगावहून नंतर पत्रही आलं नाही.

विजया एवढंच म्हणाली, "छोड़ो दादा. जो मीटर देखने आता है, उससे कौन शादी करे." पण ती त्या दिवशी विहिरीवर जरा जास्त वेळ राहिली. कलावतीबाई तिच्या पावलांचा आवाज येईपर्यंत दारात उभ्या होत्या.

नरहरीबाबूंना त्या रात्री आपल्याच वागण्याची लाज वाटली. बहिणीचं स्थळ गेलं, आईचा डोळा जाण्याच्या वाटेवर, आणि हे सगळं आपण अडीच हजार म्हणालो म्हणून. कारखान्यातला कुणी असा फॉर्म घेऊन आला असता तर त्यांनी त्याला खिडकीवरूनच हाकललं असतं. गुरुवार उजाडायला सहा तास होते आणि आई अजून हो म्हणत नव्हती.

सकाळी मात्र त्या आपणहून तयार होऊन बसल्या. भय्याजींनी फाटकं लुगडं नेसा म्हणून सुचवलं, त्यावर त्यांनी जी नजर टाकली ती भय्याजींच्या बरीच डावीकडे पडली, तरी भय्याजी गप्प झाले.

"मी येते," त्या म्हणाल्या. "पन खरं काय ते सांगीन. खोटं माह्यानं बोलवत नाही."

खरं म्हणजे आईच्या हिशेबानं काय, हे नरहरीबाबूंना चांगलं ठाऊक होतं. रिक्षात त्यांनी तीनदा विषय काढला आणि तीनदा कलावतीबाईंनी रस्त्यावरच्या भाजीचे भाव विचारले.

विमा कार्यालय वरच्या मजल्यावर होतं. जिन्याला नरहरीबाबूंनी हात पुढे केला, तो कलावतीबाईंनी झटकला आणि कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या वर गेल्या. कापगत्यांनी खुर्ची दिली. पगाराचा दाखला त्यांनी वाचला, मालकाची शेवटची ओळही वाचली, आणि नरहरीबाबूंकडे पाहायचं सौजन्यानं टाळलं. मग सातबारा उलटून पाहिला.

"बाई, ही जमीन तर केवलरामच्या नावावर आहे."

"नावावर राहो न जी. बांध म्याच घातला हाये."

"पण धान कोण घेतं?"

"केवलराम घेते," त्या म्हणाल्या. नरहरीबाबूंनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते ऐकलं, आणि त्यांना आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

कापगत्यांनी एक कागद ओढला आणि स्वच्छ, मोठ्या अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर तो त्यांनी कलावतीबाईंसमोर धरला. "हा तुमचा जबाब. आधी वाचा. पटला तर सही करा, नाही पटला तर करू नका. जबरदस्ती नाही. वाचता येतं ना?"

"चवथी पास हावो मी," कलावतीबाई म्हणाल्या. "माहेरी, सावलीच्या शाळेत पयल्या नंबरानं."

त्यांनी कागद दोन्ही हातांत घेतला, पदर सावरला, आणि कागद डोळ्यांसमोर हातभर अंतरावर ताठ धरला. खोलीतले दोन बाबू काम थांबवून पाहू लागले. आता आई वाचणार, 'पूर्णतः आश्रित' या शब्दांपाशी येणार, आणि कागद कापगत्यांच्या तोंडावर फेकणार.

कलावतीबाई खणखणीत आवाजात वाचू लागल्या.

"मी कलावती गिऱ्हेपुंजे, राहनार सुपेला, लिहून देते का, नरहरी माहा पोरगा हाये. तो माह्याजवळ राह्यते. पोरगा चांगला हाये, पन भित्रा हाये, त्याच्यानं खोटं बोलवत नाही आनि खरंही बोलवत नाही."

नरहरीबाबू पाहत होते. कापगत्यांचं स्वच्छ, मोठं अक्षर त्यांना नीट वाचता येत होतं. एकेक ओळ वाचता येत होती, कारण लिहिलेली बाजू त्यांच्याकडे होती. आईच्या डोळ्यांसमोर कागदाची कोरी पाठ होती.

"सून मनकर्णा चांगली हाये," कलावतीबाई कोऱ्या कागदावरून पुढे वाचत होत्या. "पोरगी विजया हाये. तिचं लगन राहिलं हाये. तिले पाहाले लोक येतात आनि चालले जातात. ते लगन मले माह्या डोयानं पाहाचं हाये. कोन कसा हाये, हसते कसा, पोरीकडं कोन्या नजरेनं पाहाते, हे मायनं पाहा लागते, दुसऱ्याच्यानं होत नाही. म्हनून मले डोया पायजे. आनि म्हनून मी सरकारपाशी आली. बाकी मले कोनाचं काही नोको. असं लिहून देते."

त्यांनी कागद खाली ठेवला. "बराबर लिहिलं हाये जी तुमी," त्या कापगत्यांना म्हणाल्या. "अक्षरही चांगलं हाये."

मागे टाइपरायटर चालू होता, तोही थांबला. नरहरीबाबूंनी मान खाली घातली. दवाखान्याचा सोमवार त्यांनी इतके दिवस मोजला होता. आई किती दिवसांपासून काही न दिसता घरात वावरते आहे, भाकरी थापते आहे, त्यांच्या शर्टाची गुंडी लावते आहे, हे त्यांनी एकदाही मोजलं नव्हतं.

कापगत्यांनी कागद उचलला आणि लिहिलेली बाजू वर केली. मग ते म्हणाले, "हो, बाई. असंच लिहिलं आहे. पटतं ना?"

"पटते."

"मग इथे सही करा." त्यांनी कलावतीबाईंचं बोट हातात घेतलं आणि जिथे सही करायची तिथे टेकवलं, सहज, जशी कुणालाही जागा दाखवावी तशी. कलावतीबाईंनी पेन घट्ट धरलं. चारच अक्षरं होती. पहिली तीन कागदावर आली. चौथं टेबलाच्या काचेवर उमटलं. कापगत्यांनी ते पुसलं नाही. त्यांनी रिपोर्टातला आपला रकाना भरला, शिक्का मारला, आणि खिडकीतल्या बाबूला हाक मारून सांगितलं की हे कार्ड आत्ताच तयार करून द्या, यांना सोमवारी रायपूरला जायचं आहे.

"अडीच हजाराचं..." नरहरीबाबू पुटपुटले.

"ते मी ऐकलं नव्हतं," कापगते म्हणाले. "तोंडात पोहे होते माझ्या."

अर्ध्या तासात कार्ड मिळालं. त्यावर आईचं नाव होतं, आणि आश्रित हा शब्दही होता. नरहरीबाबूंनी ते खिशात ठेवलं. आईला वाचून दाखवण्याची त्यांना गरज वाटली नाही.

जिन्यापाशी येऊन कलावतीबाई थांबल्या. वर येताना त्यांनी झटकलेला हात नरहरीबाबूंनी आता पुढे केला नाही. आपल्याला कळलं आहे हे तिला कळू नये, एवढंच त्यांना वाटत होतं. ते शेजारी नुसते उभे राहिले. खालून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग हवेत जरा चाचपडून कलावतीबाईंचा हात त्यांच्या दंडापाशी आला आणि त्यानं दंड पकडला, घट्ट, नखं रुतावीत इतका.

"काय झालं, माय?"

"काही नाही. तुहं ध्यान नाही आज," कलावतीबाई म्हणाल्या. "पडशीन पायऱ्याईवरून. म्हनून धरून राहिली मी तुले."

नरहरीबाबूंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"हो, माय," ते म्हणाले. "सोडू नोको."